कडेच्या पंचाचा उजवा हात

रविवार, १० मार्च

पांढरा गेला वर! माझाच हात, माझाच झेंडा, आणि मीच त्याच्याकडे बघत राहिले — अरे, पांढरा?

नीट लिहून काढते, नाहीतर उद्या माझं मलाच कळायचं नाही.

निवड-स्पर्धेची शेवटची लढत. परदेशी जाणाऱ्या केंडोच्या, म्हणजे बांबूच्या तलवारींच्या जपानी खेळाच्या, संघात एकच जागा उरलेली. पाठीला लाल फीत बांधून माझी भाची, बटण. (लहानपणी कोटाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. आता बावीस वर्षांची घोडी झालीये.) पांढरी फीत बांधून पोस्टातली. ती टपाल निवडायच्या खात्यात आहे, वय चौतीस, गुडघ्याला पट्टा. तिची ही शेवटचीच संधी, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत. दोघींचा एकेक गुण झालेला. पुढचा गुण जिचा, जागा तिची.

आणि भाचीच्या लढतीला मावशी पंच! पण करणार काय? परवानगी असलेले पंचच पाच. त्यातला एक कंबर धरून घरी, दुसरा बटणचा रोजचा शिक्षक. मी म्हटलं होतं, मला नका उभं करू. तर पोस्टातलीचे सरच म्हणाले, "उभ्या राहा हो मॅडम. तुमच्यावर आमचा विश्वास आहे." झालं! आता कोण नाही म्हणणार?

दोघी एकदमच झेपावल्या. बटणने डोक्यावर फटका मारला, पोस्टातलीने मनगटावर. दोघींची आरोळी एकात एक. बांबू वाजला तो एकदाच. मी मनात ओरडले — लागला! बटणचा लागला!

पलीकडच्या कडेला दातांच्या डॉक्टरांचा लाल. मध्ये दाढीवाल्यांचा, आमच्या केंडो मंडळाच्या प्रमुखांचा, पांढरा. आणि माझा… पांढरा. दोन विरुद्ध एक. संपलं.

बटण वाकली, मागे सरकत रेघेबाहेर गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघायचं नसतंच म्हणा. पंचाला विचारायचं नाही, हुज्जत घालायची नाही, जिंकलं तरी मूठ उडवायची नाही. मूठ उडवली तर मिळालेला गुणही काढून घेतात. मीच शिकवलंय तिला हे, सात वर्षांची होती तेव्हा.

पोस्टातलीनेही मूठ उडवली नाही. शिरस्त्राण काढल्यावर मात्र तिचा चेहरा पाण्यात बुडवून काढल्यासारखा होता. घाम होता की काय होतं कोण जाणे.

सोमवार, ११ मार्च

दात घासता घासता थांबले. तोंडात फेस तसाच.

झेंडे बदलले होते का मी?

मधल्या पंचाच्या उजव्या हातात लाल, डाव्यात पांढरा. कडेचे दोघे समोरून बघतात, म्हणून त्यांचं उलट, उजव्यात पांढरा, डाव्यात लाल. सकाळपासून तीन लढती मी मध्ये होते. शेवटच्या लढतीला दाढीवाले मध्ये आले, मी कडेला सरकले. सरकताना झेंड्यांची अदलाबदल करायची. वीस वर्षं करतेय, त्यामुळे केल्याचं आठवत नाही. न केल्याचंही आठवत नाही! घरातून निघताना गॅस बंद केला का, त्यातलाच प्रकार.

पण एक आठवतंय. लढत संपल्यावर झेंडे गुंडाळताना लाल माझ्या उजव्या हातात होता. नक्की होता.

म्हणजे मला दाखवायचा होता लाल. कडेच्या पंचाच्या सवयीने मी डावा हात उचलला. आणि त्यात पांढरा होता?

स्वयंपाकघरात दोन फडकी घेऊन उभी राहिले. एक लाल, एक त्यातल्या त्यात पांढरं. डोळे मिटायचे, लढत आठवायची, हात उचलायचा. एकदा उजवा उठला. एकदा डावा. तिसऱ्यांदा दोन्ही! तेवढ्यात नवरा आत आला. दारात उभा राहून बघत होता मेला. म्हणाला, "सुटलं का गं ट्रॅफिक? मी जाऊ चहा घ्यायला?"

फडकं फेकून मारलं. कुठलं मारलं, विचारू नका.

मंगळवार, १२ मार्च

दुकानात दिवसभर एकच प्रश्न. हे स्पष्ट की हे? पहिली काच की दुसरी? चष्म्याला आलेली माणसं कशी ठासून सांगतात, "दुसरी!" मग मी तीच काच पुन्हा पुढे सरकवते, तर म्हणतात, "हां, ही त्याहून बरी." आजवर मनात हसत होते त्यांना. आज एका आजोबांच्या बाबतीत हसूच येईना. बिचारे म्हणाले, "बाई, मला खरंच सांगता येत नाही हो." त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

संध्याकाळी दाढीवाल्यांचा फोन. "मानलं तुम्हाला! सख्ख्या भाचीविरुद्ध झेंडा! मंडळात सगळे तुमचंच नाव काढतायत."

मी "छे हो, त्यात काय" म्हटलं. आणि बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू? फोन ठेवल्यावर पाच मिनिटं मस्त वाटत होतं. मग फडकी पुन्हा बाहेर काढली.

बुधवार, १३ मार्च

ताई आली. चप्पलसुद्धा न काढता.

"तुला काय मोठं न्यायाधीश व्हायचं होतं का गं? माझ्या पोरीच्या जिवावर?" पुढे बरंच. मी लहान असताना तिने मला कडेवर घेऊन वाढवलं ते. मी तिची शाई सांडली होती ते. "मनगट बघ जाऊन तिचं, एवढं सुजलंय! कोणासाठी मार खातेय ती?"

मी म्हटलं, मनगटं सगळ्यांचीच सुजतात ताई, हा खेळच तसा आहे.

"खेळ! तुझ्यामुळे लागली ती या खेळाला!"

हे मात्र खरं आहे. तिला चहा दिला. प्यायली, पण रागातच प्यायली, जीभ भाजली तिची. त्याचाही दोष माझ्यावर आला.

शुक्रवार, १५ मार्च

डावाच उचलला असणार. डावा खांदा दुखतोय माझा. (तसा तो डिसेंबरपासून दुखतोय.)

रविवार, १७ मार्च

सरावाला गेले. बटण नेहमीसारखी आधी येऊन जमीन पुसत होती. माझ्यासमोर वाकली, मीही वाकले. दोन तास सराव. एक शब्द नाही लढतीबद्दल. सरावानंतर हातमोजे काढले तेव्हा दिसलं. उजव्या मनगटाच्या जरा वर निळं-काळं, आडवं. मी बघतेय म्हटल्यावर बाही ओढली.

न राहवून मीच म्हणाले, "बटण, विचार ना काय विचारायचंय ते."

"काय विचारू? तुला जे दिसलं ते तू दाखवलंस ना मावशी? मग झालं की."

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मोज्यांची नाडी पंधरा मिनिटं सोडवत बसले, ती मुळात बांधलेलीच नव्हती.

काय दिसलं मला? तेच तर! आवाज ऐकला एवढं आठवतं. आनंद झाला तेही आठवतं. डोळ्यांना काय दिसलं ते कुठे गेलं?

सोमवार, १८ मार्च

उजवा.

नाही, डावा.

गुरुवार, २१ मार्च

चर्चेला बोलावता आलं असतं! मधोमध तिघांनी जमायचं, लढत थांबवायची, शंका बोलायची, नियमातच आहे. मी नुसतं तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण दाढीवाल्यांनी निकाल सांगितला, दोघी वाकल्या, आणि एकदा वाकून झालं की संपलं. मी काय करत होते? स्वतःच्या झेंड्याकडे बघत होते, येड्यासारखी.

त्या दिवशी फोटोवाला होता हॉलमध्ये. मंडळाच्या अहवालासाठी बोलावलेला, झगझगाट करतो म्हणून दाढीवाल्यांनी ओरडून त्याचा फ्लॅश बंद करायला लावला होता. आमच्याच दुकानाचं गिऱ्हाईक. त्याला फोन करावा का? पण आज दुकानात फार गर्दी. राहिलं.

शुक्रवार, २२ मार्च

नवऱ्याला सगळं सांगितलं शेवटी. तो लिफ्ट दुरुस्त करतो, सरळ डोक्याचा माणूस आहे. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "म्हणजे तू गप्प बसलीस तर पोरीवर अन्याय. आणि बोललीस तर लोक म्हणणार, बघा, शेवटी भाचीच्याच बाजूने गेली."

"हो."

"अवघड आहे."

"एवढं मलाही कळतं!"

"नाही, मी म्हणतो, तुला नक्की आठवतंय का? लिफ्टमध्ये अडकलेली माणसं सांगतात ना, लिफ्ट खाली आपटत होती म्हणून. जागची हललेली नसते."

भांडण झालं. मी लिफ्ट नाही, असं काहीतरी म्हणाले मी. दार आपटलं. मग उघडून पुन्हा नीट लावलं, कारण त्याची कडी सैल आहे.

रविवार, २४ मार्च

पत्र लिहिलं मंडळाला. चार ओळी. शेवटच्या लढतीत माझ्याकडून झेंड्यांची अदलाबदल राहून गेली असावी, मला लाल दाखवायचा होता, योग्य तो निर्णय घ्यावा. "असावी" खोडून "राहून गेली" केलं. मग वाटलं, एवढी खात्री आहे का? पुन्हा "असावी" घालायला गेले, तर कागद गिचमिड दिसायला लागला. नवीन कागद घेतला आणि "राहून गेली" असंच लिहिलं. शंका असलेलं पत्र कोण वाचणार?

लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. नाव गेलं तर गेलं. त्या पोरीच्या "मग झालं की"पेक्षा बरं.

टपालात टाकलं. पोस्टातलीच निवडेल कदाचित ते पाकीट, हे पेटीत पडल्यावर सुचलं.

मंगळवार, २६ मार्च

दाढीवाल्यांनी घरी बोलावलं. दातांचे डॉक्टरही होते. दाढीवाले पत्र हातात धरून, चष्मा कपाळावर. (मी करून दिलेला. कपाळावर घालायला नव्हता दिला.)

"गुंडाळताना लाल उजव्या हातात होता, यावरून तुम्ही हे म्हणताय? अहो, गुंडाळायला आपण अलटून-पालटून धरतोच की झेंडे!"

मी म्हटलं, मला माहीत आहे माझ्या हातात काय होतं.

डॉक्टरांना विचारलं, तुम्ही तर समोर होता, कुठला हात वर होता माझा? म्हणाले, "मी खेळ बघत होतो हो, तुमचे हात कशाला बघू?" मग म्हणाले, "आणि खरं सांगू? पोस्टातलीची पाठ होती माझ्याकडे. मनगट मला दिसतच नव्हतं. डोक्याकडे बांबू जाताना दिसला, आवाज आला, लाल केला."

हे ऐकून मी थांबायला हवं होतं का? तेव्हा वाटलं, बघा, म्हणजे लालच!

दाढीवाल्यांनी पत्राची घडी घातली. शेवटी म्हणाले, निकाल बदलत नाही, वाकून झालं की झालं. पण संघ पाठवायचा मंडळाने, आणि पंचानेच असं लिहून दिल्यावर दोघींनाही कळवणं भाग आहे. उठताना म्हणाले, "मी पांढरा दाखवला होता. मी अजूनही पांढराच दाखवेन."

आवाज चढला नव्हता त्यांचा. चढला असता तर मीही चढवला असता.

गुरुवार, २८ मार्च

पोस्टातली दुकानात आली. खाकी शर्ट, खिशाला शाईचा डाग. मला वाटलं आता आरडाओरडा. तर म्हणाली, "नजर तपासायची होती."

खुर्चीत बसवलं, काचा लावल्या. हे स्पष्ट की हे? एकदाही अडखळली नाही. शेवटची बारीक ओळसुद्धा घडघड वाचली. नजर उत्तम! मी तसं सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही काहीतरी बोलाल. खुर्चीत बसल्यावर सोपं जाईल."

मग मीच बोलले. सगळं, झेंडे, सवय, डावा हात. ती ऐकत होती, डोळ्यांवर ती अवजड चौकट तशीच. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तुमचा लागला होता?

"मला हाताला कळलं, लागला. पण तसं प्रत्येकालाच वाटतं ना? म्हणून तर तुम्ही तिघं उभे असता." चौकट काढून माझ्या हातात दिली. "ज्या गुणावर देणाऱ्याचाच विश्वास नाही, तो घेऊन मी तिकडे कशी उभी राहू, सांगा."

मी म्हटलं, पुन्हा लढत लावायला सांगू आपण.

"गुडघा आहे कुठे पुन्हा लढायला?" आणि हसली चक्क. जाताना दारात वळली, वाकली. पंचासमोर वाकतात तशी, पूर्ण.

मीही वाकले. टेबलावर डोकं आपटलं.

शनिवार, ३० मार्च

तिने जागा सोडली. लेखी. जागा बटणला.

मला आनंद झालाय का? झालाय. नाही झालेला. काहीतरी झालंय.

मंगळवार, २ एप्रिल

अपेक्षेप्रमाणे! मंडळातल्या दोघांनी नमस्कार टाळला. एक जण तर मला ऐकू जाईल असं म्हणाला, "रक्त शेवटी रक्ताकडे धावतं." पोस्टातलीचे सर समोरून आले, थांबले, आणि वळून दुसऱ्या दाराने गेले. ते सगळ्यात जास्त लागलं.

ताई मात्र येऊन गळ्यात पडली. म्हणाली, चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं. माझी ताई, माझं कौतुक! एरवी पन्नास वर्षांत केलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ताठ मानेने चालतेय तेव्हापासून. बोलू देत कोणाला काय बोलायचं ते. मी खरं बोलले. खरं बोलायला किंमत पडते, ती मी मोजली.

रविवार, ७ एप्रिल

बटण गेली. विमानतळावर तिच्या पाठीवर तिच्याहून उंच तलवारींची पिशवी, येणारा-जाणारा तिला धडकत होता. मनगटावरचं निळं आता पिवळं पडलंय.

आत जाण्यापूर्वी मला बाजूला घेतलं. "मावशी, एक विचारू? खेळाडू म्हणून नाही, भाची म्हणून."

"विचार."

"माझा लागला होता, हे तुला दिसलं होतं ना? कारण मला माहीत नाही गं. मनगटाला जोरात बसला एवढंच कळलं, पुढचं काही कळलंच नाही. पण तू म्हणतेस तर लागला असेल. तुझ्या नजरेवर जातेय मी."

मी म्हटलं, "जा बिनधास्त."

जड झाले दोन्ही हात. तरी दोन्ही हलवले, ती दिसेनाशी होईपर्यंत.

मंगळवार, ९ एप्रिल

फोटोवाला चष्मा न्यायला आला. अहवालाचे फोटो त्याच्यासोबतच होते. "हा तुमचा झकास आलाय मॅडम."

माझा उजवा हात वर, त्यात पांढरा. डावा खाली, त्यात लाल. सगळं जिथल्या तिथे. आणि त्याच्या क्षणभर आधीच्या फोटोत माझ्यासमोर पोस्टातलीचा बांबू बटणच्या मनगटावर टेकलेला, बटणचा अजून हवेत. माझे डोळे सताड उघडे, बरोबर त्या मनगटावर.

घरी येऊन २१ तारखेचं पान काढलं. याला फोन करायचं सुचलं होतं मला. दुकानात फार गर्दी होती म्हणून राहिलं, असं लिहिलंय.

दुकानाची वही बघितली. त्या दिवशी दिवसभरात दोन माणसं आली होती.